होडीचा डोळा

थळ, १८ मे

चि. प्रणयास, कमळ आजीचे अ. उ. आ.

थळला आजी नावाचं एक माणूस राहतं, हे तू विसरला असशील म्हणून आधी ओळख करून देते. रंग काळा, दात दोन, नातू एक. भरतीला कोणी बोलावत नाही तरी ती दिवसातून दोनदा येते. तुला माझी आठवण महिन्यातून एकदा येते, तीही दुर्गाआत्याने ढोसल्यावर.

फोन करतो म्हणशील. फोनवर तू बरा आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस. तेव्हा आजपासून पत्र. मी सांगते, मधुवंतीबाई लिहितात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंना चुका काढायला कोणी उरलं नाही, म्हणून माझ्या काढतात. मी न्हाय म्हणते, त्या नाही लिहितात. वाचताना तूच ते परत माझं करून घे. तू मात्र तुझं पत्र स्वतः लिहायचं, आणि उजव्या हाताने. हाताला बारीक काम द्या असं डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग हेही बारीकच आहे.

दुर्गा म्हणाली तू बाहुल्या रंगवतोस. मी तीन वेळा विचारलं, कोण, आपला प्रणय? विंचच्या दोरात मनगट चेंगरलेल्या सव्वीस वर्षांच्या नाखव्याला पुण्याचे डॉक्टर बाहुल्या देतात हे ऐकून मला मेलेल्या तुझ्या आजोबांची काळजी वाटली, ते वर हसून हसून पडले असतील. मग तिने समजावलं, ते टेबलावर मांडून खेळायच्या लढाईतले सैनिक असतात, बोटाच्या पेराएवढे, आणि खालच्या मजल्यावरचा सुश्रुत तुला शिकवतो. तो दिवसा बँकेत बसतो आणि संध्याकाळी सैन्य चालवतो म्हणे. बरं आहे. बँकेत बसून माणसाला कुणाला तरी मारावंसं वाटत असणारच.

रंगाचं मात्र मला विचार. चाळीस वर्षं होडी रंगवताना डबा धरून मीच उभी होते. कंजुषी करू नकोस. जाड हात दे, सुकू दे, वर दुसरा जाड हात दे. पातळ रंग खारं पाणी महिन्याभरात चाटून टाकतं.

आता कामाचं. रेवदंड्याचा धनेश दोनदा येऊन गेला, होडी देता का विचारतो. मी त्याला नारळी पौर्णिमेपर्यंत थांबवलंय. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. नाळेवरचा, होडीच्या पुढच्या टोकावरचा डोळा तोच रंगवतो, जो होडी घेऊन दर्यात जाणार. आधी आजोबांनी रंगवला, मग तुझ्या बापाने, म्हणजे माझ्या दिनानाथने, आणि तो गेल्यावर तू. या वर्षी तू येऊन डोळा काढलास तर होडी आपली. नाही काढलास तर धनेशची. दुसऱ्यांच्या खलाशांवर मी म्हातारी किती हंगाम ओढू?

अल्पेशच्या टेम्पोतून डबा धाडलाय. सोडे आहेत आणि पांढऱ्या कांद्याची एक माळ. डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढं तरी पुण्यात विसरू नकोस.

लोभ आहे तेवढा ओला ठेव. सुकवायला इथे मासळी पुष्कळ आहे.

तुझी आजी
कमळ


पुणे, ३ जून

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. अक्षर बघून मधुवंतीबाई छडी शोधतील. त्यांना सांग, हात आधीच सुजलेला आहे.

तुझ्या सल्ल्याने माझा पहिला सैनिक बुडाला. इथे सगळं उलट असतं. आधी राखाडी अस्तर फवारायचं, मग रंगात पाणी घालून दुधासारखा पातळ करायचा आणि एकावर एक हलके थर द्यायचे. सुश्रुत हे सांगत होता, पण मी मनात म्हटलं, बँकेतल्या माणसाला रंगातलं काय कळतं. तू सांगितलंस तसे दोन जाड हात दिले. नाक, डोळे, मिशा, सगळं भरून गेलं. वाळल्यावर सुश्रुतने विचारलं, हा कोण? मी म्हटलं, थळचा आहे. तो खूप हसला आणि म्हणाला, आजींना कळव, हे सैनिक समुद्रात जात नाहीत.

हाताचं विचारशील. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटतात, पण धरत नाहीत. ब्रश गळून पडतो. सुश्रुतने दांड्याला रबर गुंडाळून तो मुसळाएवढा केलाय. काल एका माणसाची एक ढाल रंगवली आणि शर्ट बदलावा लागला, इतका घामाघूम झालो. डॉक्टर म्हणतात, शीर जिवंत आहे की नाही ते जुलैअखेर कळेल.

धनेशला होडी देऊ नकोस. मी येतो. डोळा मीच काढणार.

आत्याने डब्यात चिवडा भरलाय, तो बाईंना दे, तुझ्या दोन दातांना झेपायचा नाही. तळाशी कापसात तो बुडालेला सैनिक आहे. तुझ्यामुळे झाला म्हणून तुझ्याकडेच धाडतो.

तुझी माया असू दे, ओरडणं कमी कर.

तुझा
प्रणय


थळ, १६ जून

चि. प्रणयास, अनेक आशीर्वाद.

सैनिक पोचला. बाईंनी भिंगातून पाहिला आणि याला तोंडच नाही म्हणून हळहळल्या. मला भिंगाशिवायही दिसत नाही आणि भिंगातूनही नाही, तेव्हा माझं काही अडलं नाही. देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. शेजारची गोदूबाई विचारत होती हा कुठला देव. मी सांगितलं, आमचा घरचा आहे, नवसाला पावत नाही, नुसता उभा राहतो.

सल्ला चुकला, कबूल. चाळीस वर्षांत आमचा सल्ला घेऊन एकही होडी बुडाली नव्हती, तुझा माणूस पहिलाच.

पत्र बाईंनी वाचून दाखवलं, मग मी मागून घेतलं आणि माझ्यापुरतं वाचलं. हसू नकोस. जाळं विणणाऱ्या बाईला गाठ बघून कळतं की ती कोणाच्या हातची. अक्षर मला कळत नाही, पण हात कळतो. तुझी वरची रेघ प्रत्येक शब्दावर तुटलेली आहे, ओळी उजवीकडे चढत जातात. आणि तू पेन इतका दाबतोस की कागदाची पाठ बोटाला खरखरीत लागते. डोळे मिटून मी सगळं पत्र पाठीवरून चाचपलं. तू किती जोर लावलास ते कळलं. असाच लाव.

होडी वर ओढून शाकारली आहे. झापांवर निळा प्लास्टिकचा कागद घातलाय. रोज जाऊन बघते. आपला जुना डोळा अर्धा उडालाय, एका बाजूने झोपल्यासारखी दिसते.

आता तू डोळे शिक. ढाली पुरे.

आशीर्वाद तेवढेच आहेत, पुरवून वापर.

आजी


पुणे, ९ जुलै

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

थोडंच लिहितो. हात लवकर दमतो आता.

डोळे जमत नाहीत. सुश्रुत म्हणतो नवशिक्यांना शेवटपर्यंत हेच छळतं. आधी डोळ्यात पांढरा ठिपका द्यायचा, मग त्यात काळा, आणि तो देताना श्वास रोखायचा. माझा श्वास थांबतो, हात थांबत नाही. तेवीस सैनिक झाले, तेवीसही तिरळे. एकाच्या गालावर बुबुळ आहे. सुश्रुत म्हणतो हे सैन्य कुठल्याही बाजूने आलं तरी शत्रू गोंधळेल. मी हसलो. मग घरी येऊन सगळे एका डब्यात भरले आणि झाकण लावलं.

ढाल रंगवली होती ना मागे, तशी आता होत नाही. आत्याला सांगितलं नाही.

होडी मात्र देऊ नकोस.

प्रणय


पुणे, २८ जुलै

तीर्थरूप आजीस, शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला आनंदाने सुरुवात करतो. डॉक्टरांनी तपासलं. हातात चांगली सुधारणा आहे. बोटांत जोर येऊ लागला आहे आणि थोड्या महिन्यांत पूर्वीसारखं काम करता येईल असं ते म्हणाले. तुला अक्षरावरूनही फरक दिसेलच.

डोळेही जमले. सोबत एक सैनिक पाठवत आहे. बाईंना भिंगातून बघायला सांग, दोन्ही डोळे सरळ आहेत.

नारळी पौर्णिमेला यायचा प्रयत्न करतो. नाही जमलं तर काळजी करू नकोस, पुढच्या वर्षी नक्की. तोपर्यंत धनेशला थांबव. एक हंगाम खलाशांवर काढ. एवढं माझं ऐक.

तुझी प्रकृती सांभाळ. तुझ्या आशीर्वादाची अपेक्षा आहे.

तुझा
प्रणय


थळ, ६ ऑगस्ट

चि. प्रणयास, कमळ आजीचे आशीर्वाद. आणि ज्याने तुझं पत्र लिहिलं त्या सुश्रुतलाही. त्याला सांग, अक्षर फार सुंदर आहे.

बाईंनी पत्र वाचून दाखवलं. त्या तशाच उठल्या, चौलला जाऊन रामेश्वराला नारळ ठेवून आल्या आणि येताना पेढे आणले. मी पेढा खाल्ला. त्यांचा आनंद कशाला मोडू? आत्ता हे मी सांगते आहे आणि त्यांचा पेन थांबला आहे. लिहा बाई, लिहा.

पत्र मी मागून घेतलं. वरची रेघ शिडाच्या दोरासारखी ताणलेली, कुठे तुटलेली नाही. कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं, तर नुसता गुळगुळीत. कोणी काही ओढलंच नाही तिथे. अरे, जन्मभर सांगून लिहून घेणाऱ्या बाईला सांगून लिहिलेलं पत्र ओळखू येऊ नये? आणि ओरडणं कमी कर, असं एकदाही नाही त्यात. तेव्हाच समजले.

मग दुर्गाला फोन लावला. ती नुसती रडली. तिच्या रडण्यावरून उरलेलं पत्र मी वाचलं. शीर मेली. डॉक्टरांनी आता दुसऱ्या हाताची सवय करा म्हणून सांगितलं असेल. होय ना?

मी रागावले नाही. थोडी रागावले.

तू लपवलंस, मी लपवत नाही. होडी धनेशला दिली. परवा भरतीला तो घेऊन गेला. तू पुढचं वर्ष म्हणतोस, पण मला माझं वय माहीत आहे आणि आता तुझा हातही माहीत आहे. दोघांना मिळून तिला दर्यात नेता येत नाही. खोटी आशा घालून तिला शाकारून ठेवली असती तर फळ्या उकलल्या असत्या. होडीला खोटं चालत नाही.

आपला डोळा मात्र मी त्याला दिला नाही. घरचा डोळा घेऊन होडी परक्या दारात जात नाही. धनेश म्हणाला त्याची माणसं घासून काढतील. मी म्हटलं, तू बाजूला हो. पत्र्याचा तुकडा घेऊन स्वतः खरवडायला बसले. सकाळी बसले ते जेवणवेळेपर्यंत. तुझा काळा गेला, त्याखाली तुझ्या बापाचा निळसर निघाला, त्याखाली आजोबांचा लाल कड असलेला. प्रत्येकाने जाड हात दिलेला. मीच सांगितलं होतं ना सगळ्यांना. एक डोळा काढावा तर खाली दुसरा माझ्याकडे बघतोय, तो काढावा तर तिसरा. शेवटी लाकूड लागलं. लाकूड कोणाकडे बघत नाही. मग उठले.

होडी गेली तेव्हा मी दारातच बसले होते. खाली गेले नाही. आंधळी चालली, पण नीट चालली. आता मोकळ्या जागेत गोदूबाईने बोंबील वाळत घातलेत. परवा नारळी पौर्णिमा. नारळ सोडायला जाईन, पण कशासाठी सोडायचा ते दर्यालाच विचारीन, मला काही सुचत नाही.

तुझा सरळ डोळ्यांचा सैनिक परत धाडते. तो सुश्रुतचा आहे, त्याचा त्याला दे. माझा तोंड नसलेला माझ्याजवळ राहू दे. डब्यात जवळा आहे आणि तळाशी कागदात रंगाचा एक पोपडा. जाडी बघ त्याची, भाकरीच्या पापुद्र्याएवढी आहे. कडेने बघितलंस तर तिघांचे रंग एकाखाली एक दिसतील. ठेवायचा तर ठेव, टाकायचा तर मला सांगू नकोस.

यापुढे काय, ते मला माहीत नाही. धीर देण्याचं काम बाईंना चांगलं येतं, पण त्यांना मी हात जोडून गप्प बसवलंय. पत्र मात्र लिही. डाव्या हाताने लिही. रेघा उताराला लागल्या, अक्षरं एकमेकांवर पडली, तरी चालेल. बाईंना वाचता नाही आलं तर मी पाठीवरून वाचीन.

लोभाचं काय लिहू? तो कोणी विकत मागायला आला नाही, म्हणून इथेच आहे.

आणि डबा रिकामा धाडू नकोस. चिवडा नको, एक दात गेल्या आठवड्यात गेला. बेसनाचे लाडू पाठव. पाचच पाठव, पण डाव्या मुठीने वळलेले. आत्याला हात लावू देऊ नकोस, सुश्रुतला तर मुळीच नाही. फुटले, चपटे झाले, नुसता भुगा आला तरी चमच्याने खाईन. दुसऱ्याकडून वळून घेतलेस तर मात्र पहिल्याच लाडवाला बोट लावून ओळखीन.

तुझी आजी
कमळ