वरच्या पठाराची खबरबात

दि. १२ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला टिल्लू म्हणते म्हणून रागावू नकोस. तुझ्या ऑफिसात तुला काय म्हणत असतील ते म्हणोत.

काल बसथांब्यावर एक नोटीस चिकटवलेली दिसली. आपल्या वरच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या करायचं चाललंय आणि लोकांचं म्हणणं ऐकायला एप्रिलात सभा आहे. खाली तुझ्या ऑफिसचं नाव. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तुला हे ठाऊक होतं का? होतं, तर मला बसथांब्याकडून का कळावं?

घरी सगळं ठीक. मुक्कामाला पाहुणेही बऱ्यापैकी आहेत. सध्या एक मोठा गट उतरलाय. ओसरीवर चिखलाचे बूट, शेगडीभोवती ओले मोजे, आणि त्या वासात तुझे भावोजी खुशाल सूप ढवळत असतात. म्हणतात, हा वास गेला तर मला भूकच लागायची नाही.

गेल्याच आठवड्यात वर जाऊन आले. त्या तीन वाकड्या झाडांखाली बसले होते. तळं काठोकाठ होतं. अण्णा तुला खांद्यावरून उतरवून तिथेच पाणी पाजायचे, आणि तू त्यांच्या टोपीने मासे पकडायला जायचास. त्या जागेवर तू लोखंडी खांब रोवणार असशील, तर मला तोंडावर सांग.

दोघांनाही आशीर्वाद. माया कमी झालेली नाही, फक्त जरा रुसली आहे.

तुझी ताई

---

दि. २० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चुकलंच. कसं सांगावं याचा विचार करत बसलो, आणि नोटीस माझ्याआधी पोचली.

खांब मी रोवणार नाही. ते काम कंपनीचं. वर चालायला, चढायला, नुसतं बसायला येणाऱ्या लोकांचं यात काय होईल ते तपासून लिहायचं, एवढं माझ्याकडे आहे. चक्क्या कुठून दिसतील, आवाज कुठवर येईल, कुठली वाट मोडेल, कुठली वळवता येईल. निर्णय समितीचा. ताईचं मुक्कामाचं घर पठाराच्या पायथ्याशीच आहे, हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले की तसं लेखी दे, आणि तुझं प्रत्येक पान दुसरा माणूस तपासेल. म्हणजे आता माझ्या मानगुटीवर एक तरुण बाई बसवल्या आहेत. त्या माझे स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत.

ऑफिसात भिंतभर पठाराचा नकाशा लावलाय. जेवायच्या सुट्टीत मी त्याच्यासमोर डबा उघडतो. आपली खिंड नखाएवढी दिसते. तिच्या तोंडाशी वारा इतका यायचा की अण्णा आपल्याला एकाच दोरीने कमरेला बांधायचे, आणि तू मागून मुद्दाम ओढायचीस.

एक मदत कर. चालणारे वर कुठेकुठे थांबतात ते लिहून पाठव. तुझ्याइतकं ते कोणाला माहीत असणार? त्या जागांवरून फोटो काढून त्यावर चक्क्या रंगवून बघायच्या असतात.

भावोजींना नमस्कार. रुसवा निघाला की कळव, तोवर मी वाट बघतो.

तुझा
टिल्लू

---

दि. २ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

मदत करते, पण ती तुझ्या कंपनीला नव्हे, पठाराला.

खिंडीतून वर आलं की पहिला थांबा कड्यावर. तिथे दरी एकदम उघडते आणि बडबडे लोकसुद्धा गप्प होतात. पुढे अण्णांनी रचलेली दगडांची रास. येणारा-जाणारा तिच्यावर एक दगड ठेवतो, आता ती माझ्या खांद्याला लागेल. मग तळं. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे दिसतात. आणि तळ्यापाशी तीन वाकडी झाडं. सगळे डबे तिथेच सुटतात, कारण पठारावर दुसरी सावली नाही आणि टेकायलाही दुसरं काही नाही.

चालणाऱ्यांच्या संघाचे चिटणीस परवा येऊन गेले. सभेत मी बोलावं असं त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं वाट सांगणारी बाई बोलली की समितीला ऐकावं लागेल, म्हणाले. मी हो म्हटलं. तेव्हा एप्रिलात आपण टेबलाच्या दोन बाजूंना असू. तुझ्या भावोजींना याची मोठी गंमत वाटते. ते म्हणतात, मी दाराजवळ बसतो, म्हणजे दोघांपैकी जो आधी उठून जाईल त्याला घरी नेता येईल.

प्रकृती उत्तम. काळजी नसावी. भांडणातसुद्धा तू माझा धाकटाच आहेस, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई

---

दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी मंगळवारी वर जाऊन आलो. पलीकडच्या बाजूने चढलो, सोबत फोटोवाला होता. तुझ्या घरी आलो नाही, कारण सभेआधी तिथे जेवणं बरं दिसलं नसतं. खिंडीतून खाली तुमच्या धुराड्यातला धूर दिसत होता. तसंच परतणं फार जिवावर आलं.

तुझं पत्र हातात धरून फिरलो. कडा तू लिहिलास तसाच आहे. पुढचं मात्र जुळेना. झाडांपैकी दोन आडवी झालीत. त्यांच्या मुळांवर शेवाळ धरलंय, म्हणजे पडून बराच काळ लोटला असणार. तिसऱ्याचा नुसता बुंधा उरलाय. तळ्यात लव्हाळं माजलंय, पाणी शोधावं लागतं. अण्णांची रास माझ्या गुडघ्याएवढी आहे. आणि तळ्याजवळ एक लाकडी बाक आहे. त्याचा रंग उडून गेलाय, त्यावर लोकांनी आपली नावं कोरली आहेत, त्या नावांवरसुद्धा ऊन-पाऊस होऊन गेलाय. टेकायला दुसरं काही नाही असं तू लिहिलं होतंस.

त्याच बाकावर मी बराच वेळ बसलो. फोटोवाल्याला वाटलं मला धाप लागलीय.

ताई, मी हे कुठे लिहिलेलं नाही, कोणाला सांगितलेलंही नाही. एवढंच विचारतो. तू वर शेवटची कधी गेली होतीस? आणि का थांबलीस?

उत्तर द्यावंसं वाटलं नाही तरी चालेल. खुशाली मात्र कळव.

तुझा
टिल्लू

---

दि. ६ मार्च

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी मला वाचून दाखवलं आणि मग माझ्यासमोर चहा ठेवला. यांना सगळं माहीत आहे.

गुडघे गेले रे. आधी उतरताना दुखायचे, मग चढताना. एका शरद ऋतूत मी खिंडीपर्यंत गेले आणि तिथेच बसून राहिले. हे शोधत आले, आणि हात धरून उतरवलं. त्यानंतर वर गेलेच नाही. किती वर्षं झाली ते मोजायचं मी सोडून दिलंय.

तुला सांगितलं असतं, तर तू आम्हाला शहरात घेऊन गेला असतास. आणि पाहुण्यांना काय सांगणार होते? त्यांना बिछाना कुठेही मिळतो. इथे येतात ते वरची खबरबात असलेल्या बाईकडे. म्हणून संध्याकाळी परतलेल्यांना जेवताना विचारायचे, काय काय पाहिलंत. त्यांच्या उत्तरांवर माझं पठार उभं होतं. पण झाड पडलं हे कोण सांगणार? ज्याने ते उभं पाहिलं नाही, त्याला ते नसल्याचं कसं कळेल?

राशीचं वाचून वाईट वाटलं. बाकाचं वाचून जास्त. लोक त्यावर बसून म्हातारे झाले आणि मला पत्ता नाही.

सभेला मी जाणार नाही. चिटणिसांना निरोप धाडते. नसलेल्या झाडांसाठी कसली भांडू?

तुझी ताई

---

दि. १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निरोप धाडू नकोस.

माझे गुडघेही कुरकुरतात. परवा जिन्यावर त्या तपासणाऱ्या बाई मला मागे टाकून गेल्या, तेव्हा मी खिडकीतून काहीतरी महत्त्वाचं बघत असल्याचा आव आणला. तेव्हा तुला बोल लावणारा मी कोण? आणि तुला शहरात आणून मी काय करणार होतो? इथे तू रोज उठून माझ्या बायकोला रस्ता सांगितला असतास.

बोलायचं की नाही ते तू ठरव, पण आधी वर जा. वनरक्षक दर आठवड्याला मागच्या बाजूने जीप नेतात, ते भावोजींचे दोस्तच आहेत. मी सोबत येणार नाही. मी आलो तर तू माझ्या शिकवणीने बोललीस असं लोक म्हणतील. आणि माझ्यासमोर तू रडणार नाहीस, ते मला नकोय.

भावोजींना सांग, गरम कपडे घ्या. माझ्या वाटणीचा वारा खाऊन ये.

तुझा
टिल्लू

---

दि. २४ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जाऊन आले. गाडीने वर येणाऱ्यांना आपण जन्मभर हसलो, त्यांच्यातली झाले. वनरक्षक प्रत्येक खड्ड्याला माझी माफी मागत होते.

पडलेल्या झाडांना हात लावला. रडले, तुला हवं होतं तसं. मग बाकावर बसले. तेवढ्यात दोघंजण रंगीत छत्र्या पाठीला बांधून कड्याकडे पळत गेली आणि सरळ दरीवर तरंगली. मी ओरडलेच, आणि हे टाळ्या वाजवायला लागले. लव्हाळ्यात पक्ष्यांची घरटी आहेत. आपल्या नितळ तळ्यात कधी पाखरू बसलं नव्हतं.

मला वाटायचं, मी नाही तर पठार जिथल्या तिथे थांबलं असेल. ते माझ्यासाठी थांबलं नव्हतं. परतताना राग आला, आणि घरी पोचेपर्यंत तो गेलाही.

मी बोलणार आहे. काय ते तुला सांगत नाही. तू पलीकडच्या बाजूचा.

तुझी ताई

---

दि. १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभेत बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तू खुर्चीची पाठ धरून उठलीस तेव्हा मी कागदात डोकं घातलं. तू भर सभेत म्हणालीस की मी वर्षानुवर्षं वर गेले नव्हते, जे वाचवायला येणार होते ते कधीच गेलंय, आणि आता जे आहे ते मी एकदाच पाहिलंय. चिटणिसांचा चेहरा पडला. मग तू दोनच गोष्टी मागितल्यास. कड्यावर एकही चक्की नको, कारण तिथे माणसं गप्प होतात. आणि चक्क्यांसाठी रस्ता होणारच असेल, तर ज्यांचे पाय थकलेत त्यांना त्यावरून वर जाऊ द्या. मागे बसलेले काही म्हातारे तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बघायला लागले. माझ्या त्या तपासणाऱ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मी कुठे बघत होतो ते विचारू नकोस.

आज निर्णय आला. कड्याच्या मधल्या भागात काही उभं राहणार नाही. उत्तर टोकाला मात्र एक चक्की येतेच आहे, ती मला हलवता आली नाही. रस्ता सुट्टीच्या दिवशी खुला राहील, आठवडाभर नाही. संघाच्या लोकांनी तुझ्याशी बोलणं टाकलंय असं भावोजींनी कळवलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता जेवायला यायला हरकत नाही. पुढच्या शनिवारी येतो. खोली रिकामी नसली तर ओसरीवर झोपेन.

तुझा
टिल्लू

---

दि. ८ ऑक्टोबर, पुढच्या वर्षी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र वरून लिहितेय, बाकावर बसून. वाऱ्याने अक्षर हललंय, समजून घे.

चक्क्या फिरायला लागून महिना झाला. खोटं कशाला सांगू, उत्तर टोकाची ती एक मला खुपते. संध्याकाळी तिच्या पात्यांची सावली लव्हाळ्यावरून जाते आणि पाखरं दचकतात. आता कमी दचकतात म्हणा. आवाज दूरवर कोणीतरी चादरी झटकतंय तसा. यांना तो ऐकून झोप येते. आताही शेजारी घोरताहेत.

चिटणीस अजून आमच्याकडे उतरत नाहीत. पण रस्त्याने वर येणारी नवीनच माणसं भेटतात. काठीवाली, चाकाच्या खुर्चीतली, तान्ही बाळं घेतलेली. एक आजी तर कड्यावर पोचल्या आणि गप्प झाल्या त्या झाल्याच. त्यांची सून घाबरून मला विचारायला आली, यांना काही झालं का. मी म्हटलं, काही नाही, होतं असं.

मघाशी पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी आली. खिंडीकडे जाणारी वाट कुठली, असं तिने मला विचारलं. खांबांसाठी जमीन उकरली तेव्हा जुनी वाट वळवलीय, आणि नवी मी चाललेले नाही. जन्मभर जे तोंडपाठ होतं ते ओठांवर आलं होतं. पण मी तिला सांगितलं की बाई, मला माहीत नाही, मी इथे नवीन आहे. ती हसून पुढे गेली. मी तिच्याकडे बघत बसले, आणि कुठे वळते ते नीट पाहून ठेवलं.

दोघं सवडीने या. तू आहेस तोवर मी धाकटी होणार नाही, पण तुझा हात धरायला आता माझी ना नाही.

तुझी ताई