मागच्या दाराचा उतार

९ नोव्हें. ७४
धाकट्या बंधुराजांनी, मधूने, मागच्या दाराच्या पायऱ्यांवर उतार केला. पहिला फारच उभा. चाकाची खुर्ची धडधडत थेट कुंपणाला. वाचले! आज विटा काढून लांब, मंद केला. बसच्या अपघातानंतर प्रथमच मी एकटी परसात गेले, एकटी परत आले. कुणाला हाक मारावी लागली नाही. रडले चांगली.

१७ नोव्हें.
काळ्या मातीत चाकं रुततात मेली. मधूने वाट खणून मुरूम टाकला, पाणी मारून ठोकून घट्ट केला. हिंगण्याच्या कारखान्यातून टाकाऊ पिंपं आणली, मधोमध चिरून विटांच्या खांबांवर ठेवली. गुडघे खाली जातात, हात बरोब्बर मातीत. मेथी, पालक पेरला. खुरप्याला बांबूचा लांब दांडा. सगळं भंगारातलं. असा भाऊ नशिबाने मिळतो.
शाळेचं विचारलं. दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या बाईंना भेटून माझ्यासाठी तळमजल्यावरचा वर्ग मागून आलाय. अजून कळवलं नाही म्हणे.

५ डिसें.
मेथी तरारली. शाळेचा निरोप नाहीच. मीच पत्र टाकते म्हटलं, तर मधू म्हणे, कायले घाई करून राहिली, मी जाऊन येतो. इतकी वर्षं त्या शाळेत घसा फोडला, दोन ओळी कळवायला काय होतं बाईंना? माणसं अशीच.

१९ जाने. ७५, रवि.
शाळेतली नलिनी तिळगूळ घेऊन आली. बाग पाहून हरखली. म्हणाली, "बरं झालं ताई, तुमचं मन रमलं. बाईंनी खालचा वर्ग ठेवला होता तुमच्यासाठी. पण तुमचा भाऊच सांगून गेला, ताईले आता नोकरी नको म्हणून."
मी हसले. काय हसले मी!
वर्ग नोव्हेंबरातच दुसरीला दिला. म्हणजे इकडे हा मुरूम ठोकत होता तेव्हाच...

२० जाने.
विचारलं. खुरप्याचा दांडा उगाच घट्ट करत बसला. मग म्हणाला, "लोक काय म्हणतील? पांगळ्या बहिणीले कमवायले धाडते. तुले इथं काय कमी आहे?"
आवाज तोच, मायेचा. ओरडला असता तर बरं होतं. मी त्या बिचाऱ्या बाईंना शिव्या देत होते आणि हा समोर बसून मेथीची भाजी मागून खात होता. केसाने गळा कापला. पाठच्या भावाने.

२३ जाने.
बागेत गेले नाही. खुर्ची पुढच्या दाराशी नेली. तीन पायऱ्या, खाली रस्ता. मागे एवढं केलं त्याने, पुढे एक वीट लावली नाही. आणि मी कौतुक करत बसले. मूर्ख कुठली.

३० जाने.
नलिनीबरोबर बाईंना निरोप धाडला होता. उत्तर आलं: जूनमध्ये एक वर्ग कदाचित. नक्की नाही. पण येणार कशा?

४ फेब्रु.
गाडीवाल्याला खिडकीतून मीच हाक मारली. पुढच्या दारी मुरमाचा ढीग. मधू कामावरून आला, वळसा घालून पायऱ्या चढला.
"हे काहून?"
"मले शाळेत जायचं आहे. तू हात लावतो, की दुसरा माणूस पाहू?"
हातपाय धुऊन पाटावर बसला. मी वाढलं. जेवून उठला आणि पुढच्या पायऱ्या वितीने मोजू लागला.