कावळ्याचा दुजोरा

सर, आयटी कंपन्यांच्या रस्त्यावरचा तो पादचारी पूल परवा सकाळी पाडणार आहेत. महापालिकेच्या अभियंत्याने आज दुपारी फोनवर दुजोरा दिला. रस्ता रुंद करायचा आहे. नव्या पुलाचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्याचं अजून काही ठरलेलं नाही." ताजी बातमी आधी आणि ती कुणी सांगितली ते लगेच, ही तुमचीच शिकवण, म्हणून तेवढं आधी लिहिलं. फोन ठेवला आणि लक्षात आलं की मी पेपरातून निवृत्त आहे, ही बातमी द्यायला माझ्याकडे कुणीच नाही. घरात तर नाहीच. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

या पुलासाठी रस्ता अडवला गेला, त्या दिवसाची माझी बातमीची कॉपी तुम्हाला आठवेल. गाव नुकतंच शहराच्या हद्दीत आलं होतं. शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, मधून रुंद रस्ता गेला, आणि गावाची शाळा पलीकडे राहिली. नववीतली एक मुलगी रस्ता ओलांडताना कंपनीच्या बसखाली गेली. तिचा दहावा नदीवर व्हायचा होता. आईने पिंड आणून रस्त्याच्या मधोमध ठेवला, आणि गावातल्या बायका भोवती बसल्या. कावळा शिवेपर्यंत उठायचं नाही.

मी कडेला उभी आहे. बसच्या रांगा लागल्या आहेत. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं खाली उतरून घड्याळं बघताहेत. एकाने विचारलं, "मावशी, अजून किती वेळ?" आई म्हणाली, "कावळ्याला इचार." महापालिकेचा एक अभियंता घामाघूम होऊन आला. "बाई, हे नदीवर करा ना." त्यावर ती आवाज न चढवता म्हणाली, "नदीवर न्हाई गेली ती. हितं गेली."

कावळा येईना. गेलेल्याच्या मनात काय राहिलं ते ओळखून कुणीतरी मोठ्याने कबूल करायचं, मग तो शिवतो, असं मानतात. बाप बोलला, मामा बोलला, तरी कावळा विजेच्या खांबावरच. मग आई अभियंत्याकडे वळली. "सायेब, तुमी बोला. तिची धाकटी बहीण रोज हितनंच जाणार हाय." त्याने बूट काढले, हात जोडले. "पूल करू," तो पुटपुटला. मागून एक म्हातारी ओरडली, "कवा?" बायका रडता रडता हसल्या. "लवकरात लवकर करू," तो या वेळी मोठ्याने म्हणाला. कावळा खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

मी ऑफिसात येऊन सगळं लिहिलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "अहो, कावळ्याचा दुजोरा घेतलात का?" सगळे हसले. तुमच्या लाल पेन्सिलीने कावळा गेला, पिंड गेला, आईचं वाक्यही गेलं. उरलं ते पादचारी पुलाचं आश्वासन. मी चिडून तिथेच उभी राहिले. "कावळा छापला तर उद्या लोक कावळ्यावर बोलतील," तुम्ही म्हणालात, "पुलावर नाही. आणि रागाने बस थांबते. पूल व्हायला फाइल हलावी लागते. दर महिन्याला फोन करा, पुलाचं काय झालं ते विचारा." मी विचारत राहिले. तुम्ही आतल्या पानावर चार ओळींची जागा ठेवत राहिलात. तुम्हाला मन नाही असं मी तेव्हा कँटीनमध्ये उघड म्हणत असे. आता वाटतं, त्या आईने रस्ता अडवला नसता तर आपण फोन करून विचारणार काय होतो? आणि आपण विचारत राहिलो नसतो, तर तिचं दुःख त्या दुपारच्या ट्रॅफिकबरोबर वाहून गेलं असतं. यावर तुमच्याशी भांडायचं होतं. तोवर तुम्ही गेलात.

तुमच्या दहाव्याला घाटावर फार माणसं नव्हती. कावळा येत नव्हता. मुलगा आईला सांभाळीन म्हणाला, भाऊ घराचं बघीन म्हणाले. पूल तेव्हा अर्धाच झाला होता. मी मागे उभी राहून हळूच म्हणाले, "सर, पुलाचं मी विचारत राहीन." आणि तो आला. हे मी कुणाला सांगितलं नाही. दुजोरा कुठून आणणार?

आज संध्याकाळी त्या आईचा फोन आला. तिच्या धाकट्या मुलीची मुलगी आता त्याच शाळेत जाते. "ताई, परवा येताय न्हवं?"

"अहो, मी आता पेपरात नाही."

"पेपरात कशाला? रस्त्यावर या."

आयुष्यभर मी रस्त्याच्या कडेला उभी राहून लिहिलं. मध्ये बसायची या वयात भीती वाटते. पण खरं सांगू? पूल पाडणार म्हणून जेवढा राग आला, त्याहून जास्त आनंद मला त्या फोनचा झाला. किती दिवसांनी कुणीतरी मला ये म्हणालं. हे वाक्य तुम्ही नक्की कापलं असतं. राहू दे, हे पत्र कुठेच जाणार नाही.

परवा सकाळी क्रेन येण्याची शक्यता आहे. पोलीस बंदोबस्त असेल. बायका उजाडताच पुलाखाली जमतील असं कळतं. त्यांच्यात मीही असेन, वही न घेता.