जिन्यात किल्ल्या शोधणाऱ्या ताईस

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (लिहायला साष्टांग सोपा आहे. प्रत्यक्षात कंबर सध्या पाच अंगांपर्यंतच जाते.)

भावोजी कसे आहेत? त्यांची मतं कशी आहेत? तुझी तब्येत विचारत नाही. तू 'ठणठणीत, फक्त धूळ फार' असंच लिहिणार. हे एकच वाक्य तू इतकी वर्षं लिहीत आली आहेस की तुमच्या गावात धुळीखेरीज काही पिकत नाही अशी माझी समजूत झाली होती. आज त्या धुळीबद्दलच लिहायचं आहे, पण आधी माझं.

मला काम मिळालं. रंगभूमीने मला सोडलं (मी तिला सोडलं असं मी सगळ्यांना सांगतो, तूही तसंच सांग) आणि वैद्यकीय महाविद्यालयाने धरलं. तिथे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींच्या परीक्षेला खोटे पेशंट लागतात. खरे पेशंट नेमके परीक्षेच्या दिवशी बरे होतात, किंवा प्रत्येकाला वेगळं उत्तर देतात. म्हणून नट ठेवतात. आपण खाटेवर बसायचं, नेमून दिलेला आजार करायचा, विद्यार्थ्याने तो ओळखायचा. मार्क विद्यार्थ्याला, चहा नटाला. शेजारच्या खोलीत एक मिशीवाला गुडघेदुखी करतो. पूर्वी तो राजे करायचा. अजूनही गुडघा असा धरतो की वाटतं आता फर्मान काढेल. माझ्या वाट्याला दमा आला.

तालमीत मी जीव ओतला. छाती धरली, डोळे फिरवले, खाटेवरून घरंगळलो, पडता पडता आईला हाक मारली. समोर छातीच्या विभागाच्या मुख्य बाई बसल्या होत्या. लहान चणीच्या, कोरड्या. विद्यार्थी त्यांना मागून क्ष-किरण म्हणतात, कारण त्या माणसाकडे बघत नाहीत, आरपार बघतात. त्या म्हणाल्या, "हा हृदयविकार झाला. तोही फक्त नाटकात होतो." मग म्हणाल्या, पुष्कळ दमेकरी दम लागल्याचं दाखवत नाहीत, लपवतात. तुमच्या ओळखीत कोणी आहे का, जिन्यात थांबणारं, पण दमलोय असं न म्हणणारं?

ताई, रागावू नकोस. मी तुला केलं.

तुझं पडद्यांचं दुकान वरच्या मजल्यावर. जिना चढताना तू मधल्या वळणावर थांबतेस आणि पर्समध्ये किल्ल्या शोधतेस. दुकान उघडं असलं, भावोजी आत बसून मतं मांडत असले, तरी शोधतेस. मग वर येऊन खुर्चीच्या कडेवर टेकतेस, हात गुडघ्यांवर, खांदे कानांपाशी, आणि तीन तीन शब्दांनी बोलतेस. (मधल्या थांबण्यामुळे आपल्या घराण्यात तुला विचारी समजतात. काकांनी मुलीच्या स्थळाबद्दल तुझाच शब्द प्रमाण मानला, कारण उत्तर देण्याआधी तू बराच वेळ गप्प होतीस. त्या दिवशी तू फक्त जिना चढून आली होतीस.) कापड फाडलं आणि धागे उडाले की तू खिडकीशी जाऊन बाहेर कोण चाललंय ते बघतेस. बाहेर कोणी नसतं. पहाटे खोकतेस आणि सकाळी म्हणतेस, घसा साफ करत होते. इतका साफ घसा मी कुठल्याही गवयाचा पाहिला नाही. हे सगळं मी तुझी परवानगी न घेता उचललं, किल्ल्यांसकट. श्वास सोडताना तुझ्या छातीतून एक बारीक शिटी येते, तीही घेतली. (मला वाटायचं तुझ्या नाकाचं हाड वाकडं आहे.)

भूमिका गाजली. विद्यार्थी दारातूनच 'दमा' म्हणायला लागले. एकाने तर मी पिशवीत हात घालताच निदान सांगून टाकलं. एवढा सोपा पेशंट परीक्षेला नको, अशी वर तक्रार गेली. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काम फार समजतंय म्हणून कोणी तक्रार केली.

मग एक उंच, घाबरट मुलगी आली. माझी छाती तपासून ती स्वतःशीच पुटपुटली, "शिटी घशातून येतेय." (मी अपमान गिळला. दमेकरी भांडत नाही.) आणि तिने विचारलं, "हसलं की खोकला येतो का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ करायला दिलेल्या उत्तरांत नव्हतं. अशा वेळी नटाने पात्राला विचारायचं असतं. मी मनातल्या मनात तुला विचारलं, आणि बोलून गेलो, "ती हसतच नाही."

"ती कोण?" मुलगी म्हणाली. कोपऱ्यात क्ष-किरण बाईंनी पेन खाली ठेवलं.

माझं ते कपाटाचं नाटक तुला आठवतं का? नवरदेव कपाटात अडकतो, आणि बाहेर सासरे त्याच कपाटाला टेकून त्याचे अवगुण मोजत बसतात. अख्खं थिएटर लोळायचं. तू कडेच्या खुर्चीवर बसायचीस आणि दर वेळी नेमकी ह्याच प्रवेशात उठून बाहेर जायचीस. कपाटाच्या फटीतून मला दुसरं काही दिसत नसे, तेवढं दिसायचं. नंतर म्हणायचीस, 'बरं होतं.' समीक्षकांनी मला काय काय म्हटलं ते मी विसरलो. 'बरं होतं' विसरलो नाही. पुढे मी गंभीर भूमिका घ्यायला लागलो, आणि त्यात प्रेक्षकांचे जे हाल झाले त्याला तू जबाबदार आहेस असं धरून चाललो.

परीक्षा संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. कोण आहे, विचारलं. म्हटलं, बहीण. औषध काय घेते? म्हटलं, किल्ल्या शोधते. त्या हसल्या नाहीत. (तुमचं दोघींचं जमेल.) म्हणाल्या, काही दमेकऱ्यांना हसलं की खोकल्याची उबळ येते. मग ते हसणं टाळतात, नाहीतर उठून जातात. "तुमची भूमिका अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "म्हणूनच मला काळजी वाटते." अशा माणसाला सवय होऊन जाते, आणि मग एखाद्या दिवशी किल्ल्या शोधण्यापुरताही श्वास उरत नाही.

तपासणीला सुई नाही. एक नळी असते, तिच्यात जीव खाऊन फुंकायचं, बाण सरकतो. मग औषधाचा पंप ओढायचा, थोडं थांबायचं, पुन्हा फुंकायचं. बाण आधीपेक्षा बराच पुढे गेला तर तो बहुधा दमा, आणि 'वय झालं' हे भावोजींचं मत बाद. वय पंपाने मागे सरकत नाही. (मीही फुंकून बघितलं. ठीक आहे म्हणाल्या. मिशीवाल्याचा बाण पार टोकाला गेला. जन्मभर दरबारात ओरडल्याचा फायदा.) दमा निघाला तर बहुधा दोन पंप मिळतील. एक रोजचा, बरं वाटत असतानाही घ्यायचा. दुसरा अडचणीचा. लोक पहिला सोडून देतात आणि दुसऱ्यावर संसार करतात, ते करायचं नाही. पंपाची सवय लागते हे भावोजींचं मत त्यांनी, खोकल्यावर ते तुला ज्यात वाफारा घ्यायला लावतात, त्याच भांड्यात सोडावं.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार, त्यांच्या मतांना नाही.

तुझा,
खोटा पेशंट

ता. क. पुढच्या सोमवारी सकाळी बाईंकडे तुझं नाव लावलं आहे. माझं काम बघायला ये, असं खोटं सांगून तुला बोलवणार होतो. पण माझं काम बघायला तू येशील याची खात्री वाटेना.

ता. क. २. बाईंची खोली तळमजल्यावर आहे. किल्ल्या आणू नकोस.

ता. क. ३. कपाटाच्या प्रवेशात तू बाहेर जायचीस ते हसू आवरेना म्हणून का? हा प्रश्न बाईंनी विचारायला सांगितला आहे. (नाही सांगितला.)

ता. क. ४. औषध लागू पडलं की तुझ्या स्वयंपाकघरातलं मोठं कपाट रिकामं कर. मी येऊन तो प्रवेश करणार आहे. सासऱ्यांचं काम भावोजी करतील, त्यांना पाठांतराची गरज नाही. तू समोर बसायचं, अडचणीचा पंप हाताशी ठेवायचा, आणि उठायचं नाही. हसू आलंच नाही, तर निदान खोक.