पडदा वर गेल्यावर

प्रिय ताई,

हे आंघोळीला गेलेत, तेवढ्यात लिहून घेतेय. फोटो काढून लगेच पाठवते. फोनच केला असता, पण इथल्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्याची शिंकही ऐकू येते, आणि ह्यांचे कान हल्ली फार तिखट झालेत.

कालचा दिवस खरं तर हौसेचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तुम्हीच आम्हाला बळेबळे शहर बघायला धाडलंत. सकाळी मनोऱ्यावर चढलो. खाली नदी, तिच्यावरचे पूल, मुंग्यांसारखी माणसं. मी म्हटलं, ती लाल होडी बघा. हे लगेच म्हणाले, वा, झकास. पण तोंड भलतीकडेच. मला वाटलं, चेष्टा चाललीय. तुमच्या भावाचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच.

दुपारी नदीकाठच्या हॉटेलात मेनूकार्ड माझ्याकडे सरकवून म्हणाले, तुझ्या आवडीचं मागव. मी पाघळलेच. मग ह्यांनी पेल्यात पाणी ओतलं, ते पेल्याच्या शेजारी. पाणी माझ्या मांडीवर आलं तरी हात ओततच होता. हे हसले, मीही हसले, पण त्यानंतर पेला मीच भरला.

संध्याकाळी नाटक. पडदा वर गेला. रंगमंचावर लख्ख उजेड, खुर्चीत एक म्हातारा नुसता बसलेला, गप्प. सगळं थिएटर गप्प. तेवढ्यात हे माझ्या कानाशी आले.

"सुरू झालं का गं?"

ताई, पुढचं नाटक मी पाहिलंच नाही. लोक हसले की क्षणभर मागून हे हसायचे, तेवढं ऐकत बसले. मध्यंतरात त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, कधीपासून? आधी उडवाउडवी केली. मग म्हणाले, उजवा डोळा गेल्या हिवाळ्यापासून, डावा आत्ता आत्ता. कडेचं दिसतं, मधे धुकं. डॉक्टरकडे गेलेच नाहीत. डॉक्टरांनी नजर अधू असं लिहून दिलं की शाळेची बस चालवणं हातातून गेलं, ही धास्ती.

"म्हणजे सोमवारी बस काढणार तुम्ही?"

"रस्ता पाठ आहे मला," म्हणाले.

रस्ता असेल हो पाठ. चेंडूमागे धावत आलेलं पोर कसं पाठ असणार?

आज संध्याकाळी आम्ही घरी पोचतो. तुम्ही आधीच येऊन बसा, एवढंच मागायला हे लिहिलं. आई गेल्यावर तुम्हीच ह्यांना वाढवलंत. माझ्यावर आवाज चढवतील, तुमच्यापुढे नाही. आणि तुमचंही ऐकलं नाही, तर उद्या बस सुटायच्या आत मी स्वतः मुख्याध्यापिकाबाईंना सांगणार आहे. मग हे जन्मात माझं तोंड पाहायचे नाहीत. न पाहोत. काल त्या बाकावर मी ह्यांच्यासमोर बसून हूं की चूं न करता रडत होते, आणि हे विचारत होते, नाटक आवडलं ना तुला?

तुमचीच घाबरलेली,
भावजय