सरपंचाची रात्र

१२ जानेवारी
पुण्याहून सुदर्शनचं सामान आलं. गादी, कुकर, दोन बॅगा आणि सरपंच. खोलीवरची पोरं म्हणाली, काका, याला आता इथं बघणारं कुणी नाही. परदेशी जातीचा सरडा, रंग बदलणारा. पोरानं दुकानातून आणून पाळलेला. नावही त्यानंच ठेवलेलं. का ठेवलं ते बघितल्याबरोबर कळलं. एक डोळा पुढं, एक मागं, आणि एक पाऊल टाकायचं तर दहादा मागंपुढं झुलणार. हसू आलं. दिवाळीनंतर मोटरसायकलच्या अपघातात पोरगा गेला, तेव्हापासून पहिल्यांदाच. मग स्वतःचीच लाज वाटली.

मंगल, पोराची आई, हसली नाही. जाळीचा पिंजरा छातीएवढा उंच. तो तिनं सुदाच्याच खोलीत ठेवायला लावला.

१४ जानेवारी
संक्रांत. यंदा आम्हाला सण नाही. शेजारच्यांनी तिळगूळ देऊ का, असं दारातूनच विचारलं.

थंडी मजबूत. आयुष्य कोंबडीच्या पिल्लांच्या शेडवर गेलं. एवढं ठाऊक आहे, की पिल्लू गारठलं की गेलं. पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरचा मोठा बल्ब काढून पिंजऱ्यावर टांगला. पिल्लांना ठेवतो तसा, दिवसरात्र चालू. बल्ब लागल्यावर मं. दारात येऊन बसली. म्हणाली, "बरं झालं. खोलीत उजेड ऱ्हाईल." तेराव्यापर्यंत तिथं दिवा होता. तो शांत केल्यापासून तिला ती खोली अंधारी बघवत नाही.

२३ जानेवारी
सरपंच खात नाही. लसूणघासाच्या वाफ्यातून नाकतोडे धरून आणले, समोर सोडले. एक डोळा फिरवला, बास. रंग काळपट. थंडीच लागत असणार, म्हणून बल्ब आणखी खाली घेतला. पिल्लांचं सोपं असतं. गारठली की एकमेकांवर चढतात, उकडलं की पांगतात. हा एकटा. एकट्याचं कसं ओळखायचं?

केजच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. म्हणाला, "दादा, म्हशीचं विचारा."

२९ जानेवारी
अनोळखी नंबर. अश्विनी म्हणून मुलगी, सुदर्शनच्या ऑफिसातली. "काका, सरपंच कसा आहे?" असं विचारलं, आणि आवाज असा, की ही नुसती ऑफिसातली नव्हे हे कळलं. मी विचारलं नाही.

बल्बचं सांगितलं. लगेच म्हणाली, "काका, आत्ता बंद करा. त्याला दिवसा ऊन लागतं आणि रात्री रात्र लागते. गार, अंधारी. उजेड असला की तो झोपतच नाही."

म्हणजे इतके दिवस मी त्या जिवाला मायेनं जागं ठेवलं.

मं. ऐकेना.
"अंधार करायचा न्हाई त्या खोलीत."
"आगं, मरंल ते."
"आन् माझ्या लेकराची खोली?"

शेवटी तिनंच उठून बटण दाबलं आणि चुलीपाशी जाऊन रडली. मला तिथं जाववलं नाही. मी शेडवर जाऊन रडलो.

३१ जानेवारी
झोपला! पहाटे दार किलकिलं करून बघितलं. शेपटी गुंडाळलेली, अंग पार फिकं पोपटी, हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखं. मं.ला बोलावलं. बराच वेळ बघत राहिली. "सुदा बी आसाच निजायचा. पाय पोटाशी घिऊन."

दुपारी दोन नाकतोडे खाल्ले. जीभ सुटते ती दिसतच नाही.

१८ फेब्रुवारी
बरं चाललंय. बल्ब आता लहान, आणि दिवस मावळला की बंद. भांड्यातलं पाणी स. पीत नाही, पानावरचे थेंब पितो. मं.नं जास्वंदाची कुंडी पिंजऱ्यात ठेवली, सकाळ-संध्याकाळ फवारा मारते. मारता मारता बोलते त्याच्याशी. कोण आलं, कुणाच्या उसाला तोड आली, सगळं. माझ्याशी एवढं बोलत नाही. असू दे.

२७ मार्च
ऊन वाढलं. त्या खोलीवर स्लॅब. दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. जानेवारीत मी याला ऊब पुरवत होतो, आता गारवा आणायचा कुठून? ओलं गोणपाट पिंजऱ्याभोवती, कुलर खिडकीत. वीज गेली की कुलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. आज तोंड उघडून बसला होता. कोंबडी उकाड्यानं अशी करते. हे मात्र मला ओळखता येतं.

अश्विनीचा फोन. "काका, उन्हाळ्यापुरता माझ्याकडं द्या. इथं रात्री गार होतात. आम्ही दोघं मिळूनच सांभाळायचो त्याला."

आम्ही दोघं. मं.नं ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "येक न्हेलं त्या पुण्यानं. ह्ये न्हाई द्यायची मी."

९ एप्रिल
काल पिंजरा बाहेर, हौदाजवळच्या कडुलिंबाखाली हलवला. स्लॅबपेक्षा तिथं पुष्कळ बरं. पण मांजराचं भ्या, सापाचं भ्या. म्हणून मीही तिथंच बाज टाकली. थोड्या वेळानं मं. दुसरी बाज न् वाकळ घेऊन हजर.
"तू कावून आलीस?"
"मांजर आली तर तुमाला कुठं जाग येती?"

सकाळी मीच आधी उठलो. ती गाढ झोपलेली. पोरगा गेल्यापासून रात्री ती त्या खोलीच्या दारातच असायची, तिथून पहिल्यांदाच हलली. मी आवाज न करता चूळ भरली.

२१ एप्रिल
वारा पडला. लिंबाचं पान हलत नाही, पहाटेसुद्धा गार होत नाही. स.चे डोळे खोल गेलेत. खाणं बंद. शेडमध्ये पाण्याचे फवारे चालवूनही पक्षी मरतायत. मेलेले गोळा करून खड्ड्यात टाकायची सवय आहे मला, कित्येक वर्षांची. पण हा मेला तर मं.ला काय सांगू? मला स्वतःला काय सांगू?

मं.ला स्पष्ट म्हणालो, आता आपल्या हातात नाही. फवारा मारून झाल्यावर तिनं विचारलं,
"ती पोर कशी हाय हो?"
"म्या तरी कुठं बघितली?"
"सुदानं सांगितलं न्हाई."
"सांगायला आलाच असता की, उन्हाळ्यात."

२२ एप्रिल
मं.नं माझ्या मोबाईलवरून स्वतः फोन लावला. मी हौदावर, मला ऐकू येत होतं. सरड्याचं काही बोलेल असं वाटलं. नाही बोलली. एवढंच विचारलं, "रातीला झोप लागती का गं तुला?"

तिकडून काय आलं कळलं नाही. मं. फोन कानाला लावून ऐकत राहिली. मग पदरानं फोन पुसून मला दिला.

"ये म्हनलंय तिला."
"न्यायला का बघायला?"
"ये म्हनलंय."

२४ एप्रिल
मं.नं सुदाची खोली झाडली, त्याची गादी अंथरली. म्हणालो, तिथं उकडेल पोरीला. "मग निजंल की लिंबाखाली." शेजारून तिसरी बाज मागून आणली.

माळ्यावरून पिल्लांचा खोका काढला, बाजूनं भोकं असलेला. शेडवर जीव येतात ते याच खोक्यातून. या खोक्यातून कुणी इथून बाहेर गेलेलं मला आठवत नाही. अश्विनी फोनवर म्हणालेली, न्यायचं झालं तर खाली ओलं फडकं लागेल.

स. फांदीवर. सकाळी एक नाकतोडा घेतला, म्हणजे धुगधुगी आहे. एक डोळा मं.वर, एक फाट्याच्या रस्त्याकडं.

अश्विनीची गाडी कडा गावाच्या पुढं आल्याचा फोन आला. मं. खोक्यात ओलं फडकं अंथरतेय. काढतेय. पुन्हा अंथरतेय.