लुनिसचा वाटा

मी, मोक्रान आइत साला, राहणार इघिल तझार्त, या गावचा अमीन म्हणजे गावप्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. ते या डोंगरात आजवर कोणाला जमलेलेही नाही.

१. माझी पत्नी फेरूजा हिचा कायद्याने होणारा हिस्सा तिला जमिनीसकट मिळावा. बायकांना जमीन न देण्याची आपली रीत माझ्या घरात चालणार नाही. भाऊबंद डोळे वटारतील. वटारू देत.

२. कायद्याने ज्या एक तृतीयांश मालमत्तेवर माझी मर्जी चालते, त्यातून ओढ्याकाठची ऑलिव्हची झाडे सून तासादित हिला. तिने दुसरे लग्न केले तरी ती तिचीच.

३. छाटणीची करवत बेलाइदला. प्रत्येक गावसभेत तो मला आडवा आला. करवत उसनी म्हणून त्याने नेलेलीच आहे. आता मागणार नाही.

४. आता खरे बोलतो. नांगरणीआधी आपले गाव बैल कापते आणि माणशी सारखा वाटा घालते. तान्हे मूल, फ्रान्सला गेलेला, वेडा, भांडखोर, कोणी सुटत नाही. वाटा नसतो तो फक्त मयताला. तासादितचा नवरा, माझा लुनिस, होडीने समुद्रापार निघाला, पोचल्याचा निरोप आलाच नाही. त्या वर्षी वाटे पडताना घरची नावे सांगत मी लुनिसपाशी अडलो. बेलाइदच ओरडला, "अमीनच्या लुनिसचा राहिला की रे. घाला, बघता काय?" तेव्हापासून दरवर्षी घालतात.

गावाने माया केली आणि त्याच मायेत तासादित अडकली. ज्याचा वाटा पडतो त्याच्या बायकोला कोण मागणी घालणार? मी एकदा म्हटले, "पोरी, माहेरी जा." ती म्हणाली, "काय म्हणून जाऊ, बाबा? टाकलेली म्हणून, की विधवा म्हणून? तुम्ही सांगाल तशी जाते." साऱ्या गावाचे तंटे मिटवले मी, घरचा हा एक तसाच राहिला.

माझ्या जिवात जीव आहे तोवर लुनिसचे नाव कापणार नाही, असा शब्द मी फेरूजाला दिला होता. तो पाळला. हे वाचाल तेव्हा मी नसेन. म्हणून अमीन या नात्याने शेवटचा निवाडा देतो: माझा मुलगा लुनिस मयत आहे. त्याचा वाटा बंद करा. तासादित मोकळी आहे.

५. फेरूजाने त्याचे सगळे वाटे मीठ लावून, वाळवून, तेलाच्या रांजणात जपून ठेवले आहेत. "आला की भुकेला असेल," म्हणते. कोणाला बोट लावू देत नाही. माझ्या मर्तिकाच्या जेवणात, कुसकुसाच्या वाफवलेल्या रव्याबरोबर, तेच मांस शिजवा. रांजण तिच्याच हाताने उघडू द्या, घाई करू नका. एकही घर वगळू नका. लुनिसचे मर्तिक झालेले नाही. ते माझ्याबरोबरच होऊ द्या.

सही: मोक्रान आइत साला
साक्षीदार: बेलाइद आइत हम्मू, तिसऱ्या कलमाबद्दल तक्रार नोंदवून
साक्षीदार: शेख अमार, मशिदीचे इमाम
इघिल तझार्त, ९ ऑक्टोबर २०२३